एकाच वेळी हसायचं

सुखदेवदादा नाटकाला आले की पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसत. त्यांना दिसत नव्हतं. लहानपणी देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. त्याबद्दल त्यांची तक्रार एवढीच, "आमच्या बापानं देवदेवी कवाच्याच सोडल्या व्हत्या बाबू. म्हून देवीसंगं भांडाले भी जागा नाही राह्यली."

एकदा गणपतीतल्या नाटकाला एक स्वयंसेवक त्यांना उठवायला आला. "दादा, तुमाले का पहिली रांग अन् का शेवटची! मांगं बसा ना, डोयेवाल्याईले बसू द्या समोर."

दादा जागचे हलले नाहीत. "डोयेवाल्याले मांगून भी दिसते. मले तं जवळून दिसत नाही, मांगून काय दिसन?"

स्वयंसेवक निघून गेला. मी पडद्याच्या फटीतून हे ऐकत होतो. त्या युक्तिवादात कुठंतरी भोक आहे असं मला तेव्हाही वाटलं होतं, पण ते अजून सापडलेलं नाही.

बाभुळगावच्या बसस्टँडपाशी दादांचं एसटीडीचं बूथ होतं. मी तहसील कचेरीत कारकून, म्हणून त्यांच्यासाठी मी 'बाबू'. गावातल्या निम्म्या लोकांच्या पाहुण्यांचे नंबर त्यांना पाठ. गिऱ्हाईक आलं की ते म्हणत, "कोनाले लावू? लेकीले का साल्याले?" आणि उत्तर यायच्या आत बोटं बटणांवर चाललेली असत. शेजारच्या स्टुलावर कुसुमवहिनी. त्यांना ऐकू यायचं नाही. नवव्या वर्षी तापात कान गेले, पण तोवर बोलणं पक्कं झालेलं आणि चौथीपर्यंत शाळाही झालेली. दादा त्यांच्याकडं तोंड करून बोलत, त्या ओठ वाचत. मग त्या मोठ्यानं बोलत आणि दादा ऐकत. मोठ्यानं म्हणजे किती, तर त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही, त्यामुळं वहिनींनी बूथवर "हे आले, बाबू आले, शर्ट उलटा घातला" असं म्हटलं की ते समोरच्या पानठेल्यापर्यंत कळायचं. माझ्या बाबतीत हे तीनदा घडलं आहे.

नाटकाचं वेड दोघांनाही. पण तिथं दोघांच्या वाट्याला अर्धं अर्धं नाटक यायचं. दादांना संवाद मिळायचे, वहिनींना हालचाली. अंधारात दादांचे ओठ दिसायचे नाहीत, म्हणजे वहिनींना विचारायचीही सोय नाही. दादा एकदा मला म्हणाले, "आमच्या लग्नाले बावीस वर्सं झाले. ती हसते तवा मी इचारतो, काय झालं वो? मी हसतो तवा ती इचारते. मांगून हसनं म्हंजे शिळी भाकर आहे बाबू. पोट भरते, पन मजा नाही. एक डाव मले तिच्यासंगं एकाच वेळी हसाचं हाये. बस. त्याच्याउप्पर काही मागनं नाही."

हे त्यांनी मला सांगितलं त्याच्या आदल्याच दिवशी मी त्या दोघांना नाट्यगृहातून बाहेर काढलं होतं.

ते आता सांगूनच टाकतो. ऐतिहासिक नाटक होतं आणि मी राजा होतो. दुसऱ्या अंकात दरबारात माझं लांबलचक भाषण. मी तलवारीच्या मुठीवर हात ठेवून पुढं आलो, आणि पहिल्या रांगेतून वहिनींचा आवाज आला, "राजाच्या पायात सिलिपर हाये! निळ्या पट्ट्याची!" सभागृह हसलं. मला वाटलं, कुणीतरी टवाळी करतंय. मी राजाच्याच आवाजात गरजलो, "कोण आहे रे तिकडे? हा गोंधळ बाहेर घालवा!" दोन स्वयंसेवक धावले. दादा शांतपणे उठले, वहिनींचा हात धरला, मला वाकून मुजरा केला आणि गेले. मुजऱ्यालाही टाळ्या पडल्या. मी भाषण पूर्ण केलं. अंक संपल्यावर रंगपटात खाली पाहिलं तर पायात माझी आंघोळीची स्लीपर. मोजड्या कोपऱ्यात पेपरात गुंडाळलेल्या, जशा आणल्या तशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूथवर गेलो. माफी मागायची होती, पण धीर होईना, म्हणून फोन करायला आल्यासारखं केलं.

"कोनाले लावू?" दादांनी विचारलं. मग जरा थांबून, "आज पायात काय हाये महाराज?"

"दादा, चूक झाली. माफ करा."

"माफी ठेव तुयापाशी," दादा म्हणाले. तेव्हाच त्यांनी ते शिळ्या भाकरीचं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "तू नाटकवाला हायेस ना? मंग असं नाटक कर का आमा दोघाले पुरून उरन. तठी आमाले बाहेर काढून दाखव."

ती वर्षं कापसाची होती, म्हणजे कापसानं सगळ्यांना जेरीस आणल्याची. मी गावात नाटकाचा विषय काढला तर लोक म्हणाले, "बाबू, हे नाटकाचे दिवस हायेत का?"  उत्तर दादांनी दिलं. "माया बूथवर रोज वाईट खबर येते. मानसं चोंगा ठेवतेत अन् तठीच उभे राह्यतेत. त्याईले घरी जाऊ वाटत नाही. एक दुपार त्याईले बसाले जागा तं द्या. रडाचं का हसाचं ते त्याईचं ते पाह्यतीन."  शाळेचं सभागृह मिळालं.

नाटक मीच लिहिलं. कापूस खरेदी केंद्रावरचा, कापसाची प्रत ठरवणारा एक ग्रेडर, ज्याला जगातला सगळा कापूस ओला वाटतो, त्याचं प्रहसन. ग्रेडर झाला आमच्या कचेरीतला शिपाई वासुदेव. अडचण होती दाखवायची. दादा म्हणाले, "तू आडोशाला बसून मले सांगत राह्य, स्टेजवर काय चालू हाये ते." पण मोठ्यानं सांगितलं तर बाकीचे चिडतील. यावर तोड रफिकभाईंनी काढली. रफिकभाई म्हणजे गावचे लाऊडस्पीकरवाले. दादांनी आसपासच्या गावांतल्या आणखी अकरा न दिसणाऱ्यांना बोलावलं, भंगारातून मेलेल्या टेलिफोनचे बारा चोंगे आणवले, रफिकभाईंनी ते एका वायरीत ओवून पहिल्या बाकावर मांडले आणि वायर माझ्या माईकला जोडली.

"बाबू, फिकर मत करा," रफिकभाई म्हणाले. "तुमी इथं शिंकले का नई, तर बारा जनं रुमाल काढतीन."

तालमीत मी चोंग्यातून पहिलं वाक्य म्हटलं, "सायंकाळची उदास छाया पसरली आहे. शेतकऱ्याच्या मनात विचारांचं काहूर उठलं आहे."

दादांनी चोंगा खाली ठेवला. "काहूर दिसून राह्यलं का तुले?"

"नाही."

"मंग मले कायले दाखवतं? त्याचे हात कुठी हायेत ते सांग."

"एक हात कपाळावर. दुसऱ्या हातानं गाडीच्या चाकाचा आरा धरला आहे."

"हां. आता काहूर गिहूर मी माया मनानं पाहीन." मग बोट उगारून, "अन् मानूस बोलत असन तवा तू बोलू नको. त्याची जीभ थांबली का मंग तुई चालव. तुले ते जड जाईन, पन पाह्य."

जड गेलंच. आयुष्यात मला इतके दिवस गप्प बसायला कुणी लावलं नव्हतं, बायकोनंसुद्धा नाही.

वहिनींसाठी मी यवतमाळहून नलिनीबाईंना आणलं. त्या ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवत, आणि त्यांची वीसेक मुलं नाटकाला येणार होती. बाई रंगमंचाच्या कोपऱ्यात उभ्या राहून सगळे संवाद हातांच्या खुणांनी सांगणार. मी स्वतःवर फार खूश होतो. बाईंना मी जरीची साडी नेसायचाही आग्रह केला. त्या म्हणाल्या, "सर, माझे हात दिसायला हवेत, जर नको." पहिल्या तालमीला वहिनींना समोर बसवलं. बाईंचे हात पाखरांसारखे चालले होते. वहिनी कौतुकानं पाहत होत्या. दहा मिनिटांनी त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं दादांना म्हणाल्या, "बाई लय चांगल्या नाचून राह्यल्या. पन नाटक कवा सुरू व्हते?"

वहिनींना खुणांची भाषा येत नव्हती. कुठून येणार? खेड्यात कान गेले, खेड्यातच वाढल्या. त्यांच्या आसपास खुणा करणारं दुसरं कुणी नव्हतंच. आणि नटांचे ओठ वाचणंही जमेना, कारण पाठ केलेलं ते भराभर, इकडंतिकडं तोंड करून बोलायचे.

दादा हसायला लागले. "बहिऱ्याले हातवारे येतेतच असं तुले कोन सांगतलं रे?"

"मला वाटलं…"

"तुले वाटलं. तिले इचारलं का?"

मी म्हटलं, "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं."  दादांनी नुसती मान हलवली. मला तेव्हा ते समजलं नाही.

बाई मुलांसाठी राहिल्या. वहिनींसाठी मांजरपाटाचा एक लांबच लांब पट्टा घेतला, त्यावर पेंटरकडून सगळे संवाद मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आणि दोन बांबूंवर गुंडाळून रंगमंचाच्या कडेला उभा केला. रफिकभाईंनी मूठ फिरवली की पट्टा सरके आणि पुढचं वाक्य दिसे. यातही पंचाईत अशी की पट्टा जरा लवकर सरकला की वहिनी नटाच्या आधी हसायच्या, आणि मी चोंग्यात जरा उशीर केला की दादा मागून. रफिकभाई आणि मी महिनाभर एकमेकांना शिव्या देत वेळ साधायला शिकलो. दादा रोज तालमीला विचारत, "आज किती अंतर राह्यलं?" शेवटच्या तालमीला वहिनी आणि दादा यांच्या हसण्यात एका टाळीचं अंतर उरलं होतं.

दादा म्हणाले, "एवढं बी नको."

प्रयोग दुपारी ठेवला. रात्री लाइनीचा, म्हणजे विजेचा, भरवसा नव्हता, आणि खिडक्या उघड्या ठेवल्या की वहिनींना दादांचे ओठ दिसणार होते. सभागृह भरलं. बारा चोंगे बारा कानांना लागले. बाईंची मुलं एका बाजूला. पहिला अंक असा झाला की मला माझाच हेवा वाटावा. मग दुसऱ्या अंकातला तो प्रसंग आला ज्यावर माझी सगळी भिस्त होती.

त्यात कुणीच बोलत नव्हतं. ग्रेडर खुर्चीत बसतो. खुर्चीला कुणीतरी गुळाचा पाक फासून वर कापूस ठेवला आहे. तो उठतो तेव्हा मागं कापसाची शेपूट, आणि तो ती हलवत साऱ्या केंद्रातून ऐटीत फिरतो. पट्टा कोरा. बाईंचे हात खाली. सगळं चोंग्यातल्या माझ्यावर. मी पाच वाक्यं लिहून ठेवली होती, घोटून, हात-पाय-शेपटी सगळं नेमकं. वासुदेव बसला. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि सुरू केलं. "तो उठतो. मागं कापसाची शेपूट. हातभर लांब. तो वळतो. शेपूट डावीकडं, शेपूट उजवीकडं…"

पहिला बाक खदखदून हसला. बारा माणसं. बाकी सभागृह गप्प.

तालमी संध्याकाळी व्हायच्या. प्रयोग भर दुपारी. पाक केव्हाच कडक वाळून गेला होता. कापूस खुर्चीतच राहिला होता आणि वासुदेव मागं हात घालून नसलेली शेपूट चाचपत होता. आणि मी कागदात डोकं घालून ती हलवत होतो.

वहिनींनी दादांकडं वळून विचारलं, "काय झालं वो? काहून हसता?"

दादांचं हसू तिथंच थांबलं. ते पाहणं मला फार जड गेलं. बावीस वर्षं जे होत आलं होतं तेच माझ्या नाटकात, माझ्यामुळं झालं होतं. तरी दादांनी वहिनींकडं तोंड केलं आणि सावकाश म्हणाले, "शेपूट."

वहिनींनी वासुदेवला आपादमस्तक पाहिलं. मग उठून उभ्या राहिल्या. "कुठी हाये शेपूट? शेपूटगिपूट काही नाही! बाबू लबाड बोलून राह्यला!"

सभागृहाचं छप्पर उडायचं राहिलं. नलिनीबाईंचे हात आपोआप वर गेले, त्यांनी तेही वाक्य इमानदारीनं खुणांत सांगितलं, आणि मुलं बाकांवर पाय आपटायला लागली. दादा मात्र चोंगा कानाला घट्ट लावून बसले होते. खरं काय ते माझ्याकडून ऐकायचं होतं त्यांना. मी कागद टाकला आणि जे दिसत होतं ते सांगितलं. "शेपूट नाही. पाक वाळला. मी कागद वाचत होतो. वासुदेव शेपूट शोधतो आहे. मागं. खुर्चीखाली. आता माझ्याकडं पाहतो आहे. वहिनी माझ्याकडं बोट दाखवताहेत."

आणि त्याच क्षणी रफिकभाईंनी, त्या माणसाला काय म्हणावं, खिशातला वायरींवर खुणा करायचा निळा खडू काढून कोऱ्या पट्ट्यावर लिहिलं, 'बाबू पकडला गेला.'

विंगेच्या फटीतून मला पहिली रांग दिसत होती. वहिनींनी पट्टा वाचला. दादांनी चोंगा ऐकला. दोघांचे खांदे एकदम हलायला लागले. टाळीभराचंही अंतर नव्हतं. दादांनी चाचपत वहिनींचा दंड धरला, वहिनी डोळे पुसत होत्या, आणि कुणीच कुणाला काय झालं म्हणून विचारलं नाही. माझ्या पाच घोटलेल्या वाक्यांवर नव्हे, माझ्यावर हसले. चालेल.

नाटक संपल्यावर मी छाती काढून दादांकडं गेलो. "जमलं का दादा? आता तरी माफ केलं?"

"मले कायले इचारतं?" दादा म्हणाले. "बाहेर जाय म्हनलं तवा मी तं मुकाट बसलो व्हतो. बोलली ती व्हती. तिले माफी मांगतली का कवा? इतके दिवस पाह्यतो मी. चहा घेता का वहिनी, हे भी तू मले इचारतं."

 मी आठवून पाहिलं. खरंच, इतक्या वर्षांत मी वहिनींशी थेट एक वाक्य बोललो नव्हतो. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी माझं चुकलं."

वहिनींनी माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं आणि सगळ्या सभागृहाला सांगितलं, "याच्या मिशीनं ओठ झाकून राह्यले. काय म्हनते काही समजत नाही."

दुसऱ्या दिवशी मी मिशी काढली. न्हाव्यानं विचारलं, "बाबू, घरी काही वाईट झालं का?" कचेरीत साहेबांनीही तेच विचारलं. मी तसाच बूथवर गेलो, उजेडात उभा राहिलो आणि तेच वाक्य पुन्हा म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "आता समजलं भाऊ. जाऊ द्या. पन तुमी मिशीतच चांगले दिसत व्हते." दादा खुर्चीत मागं रेलून ऐकत होते. काही बोलले नाहीत. बोलणाऱ्यावर बोलायचं नाही, हा नियम त्यांचाच.

पुढं घरोघरी मोबाइल आले आणि बूथ बंद झालं. दादांनी त्याचंही दुःख केलं नाही. "लोकाईचे नंबर मायापाशी हायेत ना. पडन गरज त्याईले," म्हणायचे. आणि खरोखर लोक मोबाइल घेऊन घरी यायचे, हरवलेला नंबर विचारायला. एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं ते चार दिवसांत गेले.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. लोक चांगलं बोलले. मी दादांचे दोन-तीन किस्से सांगितले, त्या मागच्या रांगेवरच्या उत्तरासकट. लोक रडता रडता हसले. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. मला वाटलं, बरं झालं, त्यांनाही हलकं वाटलं असेल.

सांजवेळी भेटायला गेलो तर त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी बोलले तवा सगळे हासले. काय बोलले?"

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही तर समोरच होता. माझ्याकडंच पाहत होता."

"तुमच्या तोंडापुढं माईक व्हता ना."

आयुष्यभर त्यांच्याच माणसाकडून शिकलो, आणि त्यांच्याच माणसाच्या शोकसभेत मी हे केलं.  वहिनींनी उठून दार पुरतं उघडलं, मला उजेडाकडं तोंड करून बसवलं, आणि समोर बसल्या. "हां. आता सांगा."

मी पहिल्यापासून सांगितलं, सावकाश. कोण आलं, कोण उठवायला गेलं, दादा कसे जागचे हलले नाहीत. शेवटाजवळ आलो तसं मला हसू फुटायला लागलं, पण ते दाताखाली दाबून धरलं. शेवटचं वाक्य म्हटलं आणि वहिनींच्या ओठांकडं पाहत थांबलो. ते हसायला लागले. त्याच क्षणी मीही हसलो.